साठ फुटांची होडी आणि बागेतलं वळण

ज्या वर्षी धाकट्या सुनेला जुळं झालं आणि दोघांतला एक जीव सव्वा महिना दवाखान्यातल्या काचेच्या पेटीत राहिला, त्या वर्षीची ही गोष्ट. घरातली सगळी माणसं दवाखान्याच्या फेऱ्या मारत होती. त्यामुळे तळ्याकाठच्या बागेत काय शिजतंय, तिकडे मुकादमांच्या घरात कुणाचं लक्ष नव्हतं. खुद्द मुकादमांचंही नव्हतं, आणि तिथेच घोळ झाला.

मुकादम म्हणजे लाकडाच्या वखारीतले. वखार बंद होऊन अकरा वर्षं झाली होती, तिच्या जागी मोटारींचं दुकान उभं राहिलं होतं, पण मुकादम हे नाव काही सुटलं नव्हतं. छत्तीस वर्षं त्यांनी लांब लाकडं वाहणाऱ्या टोळीला आवाज दिला होता. वासे, तुळया, विजेचे खांब. बोळातून, जिन्यावरून, एकदा तर भर बाजारातून पन्नास फुटी खांब नेला होता आणि भाजीच्या एका टोपलीलाही धक्का लागू दिला नव्हता. तरुणपणी स्वतः ओझं वाहिल्यामुळे त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली उतरला होता. त्यांचा जुना दोस्त शिंपी म्हणायचा, "तुझा सदरा शिवायचा म्हणजे दोन माणसांची मापं घ्यावी लागतात."

तळ्याला तीन बाजूंनी उंच दगडी भिंत होती. पाण्यापर्यंत जायला एकच उतार, आणि तो बागेत. बागेत सकाळी फिरायला येणारी म्हातारी माणसं बागेला आपली समजत. होडी वल्हवणाऱ्या मुलींचा क्लब उताराला आपला समजत असे. क्लब म्हणजे तरी काय, बागेच्या मागच्या भिंतीला टेकलेली पत्र्याची एक शेड आणि तिच्यात तीन होड्या. सगळ्यांत मोठी होडी आठ जणींची. लांबी साठ फूट, आणि रुंदी म्हणाल तर बसणाऱ्या मुलीची कंबर जेमतेम मावेल एवढी. वल्ही अडकवायचे लोखंडी हात दोन्ही अंगांनी बाहेर आलेले. रोज सकाळी आठ मुली ती उलटी करून खांद्यावर घेत आणि भिंतीच्या कडेच्या वाटेने बाकांपर्यंत आणत. तिथे वाट काटकोनात डावीकडे वळून पाण्याकडे उतरत होती.

त्या आठ जणींत एक होती मुकादमांची थोरली नात. वय एकोणीस. जन्मली तेव्हा अशी काही ओरडली की दाईने तिला टिटवी म्हटलं, आणि घरात तेच नाव राहिलं.

त्या महिन्यात होडीने वळणावर तिसऱ्यांदा माणूस उडवला. पहिल्यांदा एका बाईंची पिशवी गेली, दुसऱ्यांदा एका आजोबांची टोपी. तिसऱ्यांदा शिंपी कोपऱ्यातल्या बाकावर वाकून बुटाची नाडी बांधत होता. होडीचं नाक पाण्याकडे वळलं आणि तिचं शेपूट उलट्या बाजूने बाकांवरून फिरलं. शिंप्याच्या पाठीत असा तडाखा बसला, की चष्मा एकीकडे आणि तो स्वतः शेजारी बसलेल्या हेडबाईंच्या मांडीवर.

हेडबाई म्हणजे मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. निम्म्या गावाला त्यांनी शिकवलेलं आणि उरलेल्या निम्म्याला दटावलेलं. त्यांनी शिंप्याला उठवून बसवलं, साडी झटकली आणि म्हणाल्या, "चौऱ्याहत्तर वर्षांत माझ्या मांडीवर कुणी पडलं नव्हतं. आता पुरे झालं."

त्याच दुपारी त्यांनी नगरपालिकेला अर्ज लिहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या अर्ज आणि पेन घेऊन बागेच्या फाटकाशी उभ्या राहिल्या. मुकादम दवाखान्यातून परस्पर तिथे आले होते. काचेच्या पेटीपुढे बसून डोळे चुरचुरत होते. शिंप्याचा पडताना मुरगळलेला डावा हात गळ्यात अडकवलेला पाहिला आणि त्यांचं डोकं फिरलं.

"कोणी केलं हे?"

"होडीने," शिंपी म्हणाला. "तुझी नात नंतर 'सॉरी काका, सॉरी काका' म्हणत होती. पाठीत बसल्यावर काका काय, मामा काय."

"लांब वस्तू अशी नेतात होय? वखारीत असं झालं असतं तर मी टोळी घरी पाठवली असती."

"मग इथे सही करा," हेडबाई म्हणाल्या.

मुकादमांनी सही केली. अर्जावर सगळ्यांत वर, पहिली. हेडबाईंनी लिहिलेलं वाचून बघायची गावात कुणाची छाती नव्हती.

*

चार दिवसांनी संध्याकाळी मुकादम जेवायला बसले होते. टिटवी बाहेरून आली ती चपला न काढताच स्वयंपाकघरात. हातात एक कागद.

"आजोबा, ही सही कुणाची?"

मुकादमांनी कागद लांब धरून पाहिला. "माझीच. दुसऱ्या कुणाची एवढी वाकडी येते?"

"आणि वर काय लिहिलंय, ते वाचलं होतंत?"

"पोरींना शिस्त लावा, असं असणार."

टिटवीने कागद काढून घेतला आणि वाचला. "'सदर क्लबची शेड व सर्व होड्या एक महिन्याच्या आत बागेतून कायमच्या हलवाव्यात.' कायमच्या, आजोबा. कुठे हलवणार? दुसरा उतारच नाही. दोन महिन्यांवर स्पर्धा आहे. आमच्या क्लबची आठ जणींची होडी पहिल्यांदा उतरतेय. चार वर्षं मी पाठीची सालं काढून घेतली ती काय घरात बसून वल्ही पुसायला?"

मुकादमांचा घास हातातच राहिला. "मला वाटलं, शिस्त लावा..."

"हेडबाई असं लिहितील?" चुलीपाशी बसलेली मुकादमांची म्हातारी म्हणाली. "त्यांना शिस्त लावायची असली तर त्या स्वतः लावतात. त्याला अर्ज कशाला? आणि सही करायच्या आधी चष्मा लावायचा असतो, तो काय फक्त पेपरातल्या चित्रांसाठी घेतलाय?"

"सही मागे घ्या," टिटवी म्हणाली.

"सही मागे घेत नसतात. शिंप्याला लागलंय, ते खोटं आहे का?"

"लागलं. मी रोज जाऊन विचारते त्यांना."

"मग? उद्या एखाद्या लहान पोराच्या डोक्यात बसलं तर?"

 टिटवीने कागदाची चार पदरी घडी केली आणि आत गेली. त्या दिवसापासून तिने आजोबांशी बोलणं टाकलं. जेवायला समोरासमोर बसली तरी म्हणायची, "आजी, त्यांना विचार भाजी हवी का." म्हातारी म्हणायची, "त्यांना म्हणजे कोणाला, घरात बरेच 'ते' आहेत." पण टिटवी हसायची नाही. आणि मुकादमांना भाजी गोड लागायची नाही.

*

शनिवारी दुपारी नगरपालिकेच्या सभागृहात दोन्ही बाजूंना बोलावलं होतं. उद्यान अधिकारी तरुण होते, नवे होते, आणि एका बाजूला हेडबाई, दुसऱ्या बाजूला आठ धट्ट्याकट्ट्या मुली पाहून त्यांनी खुर्ची आधीच दाराजवळ ओढून घेतली होती.

आधी हेडबाई बोलल्या. "बाग सगळ्यांची आहे. चालता न येणारी माणसं तिथे चालायला शिकतात. पक्षाघात झालेले, गुडघे बदललेले. त्यांनी मागून काय येतंय ते बघत बसायचं का?"

क्लबची कोच उठली. ओरडून ओरडून आवाज घोगरा झालेली बाई होती. "बाई, बाग सगळ्यांची, म्हणजे या मुलींची पण. बाकी तिन्ही बाजूंना भिंत आहे. आम्ही काय होडी दोरीने खाली सोडू?"

"सोडा. निदान शिंप्यावर तरी पडणार नाही."

सभागृह हसलं. एक बाई म्हणाली, माझ्या बाळाची गाडी सकाळी वाटेवरून नेता येत नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "तळं काय म्हाताऱ्यांच्या बापाचं आहे?" त्यावर एक म्हातारा उठून उभाच राहिला, "हो, आमच्या बापांनीच त्याच्या भिंतीचे दगड वाहिलेत!" मग सगळेच एकदम बोलायला लागले. मिरी नावाची एक चिमुकली मुलगी क्लबात होती. होडीच्या टोकाला बसून सुकाणू धरायची आणि वल्हवणाऱ्यांना आवाज द्यायची. ती खुर्चीवर चढून ओरडली, "एकेकाने!" आणि अधिकाऱ्यांसकट सगळे गप्प झाले.

अधिकाऱ्यांनी अर्ज उचलला. "पहिली सही मुकादमांची आहे. तुम्हाला काही म्हणायचंय?"

मुकादम उठले. समोर टिटवी बसली होती, छताकडे बघत.

"सही माझी आहे आणि ती राहणार," ते म्हणाले. "शिंपी माझा दोस्त आहे, त्याला लागलं. पण मी चार दिवस त्या वळणापाशी बसून बघितलंय. या पोरी कमजोर नाहीत आणि आगाऊही नाहीत. त्यांचं एकच चुकतंय, आणि ते होडी वल्हवणाऱ्यांचंच चुकू शकतं. पाण्यात होडी कशी वळते? पोटावर. मध्य जागेवर, नाक इकडे, शेपूट तिकडे. पाण्यावर शेपूट फिरलं तर कुणाला लागत नाही. यांच्या अंगात तेच भिनलंय. जमिनीवरही त्या होडी पोटावर फिरवतात. मग तीस फुटांचं शेपूट बाकांवरून जाणार नाही तर काय होईल?"

कोचने वही काढली.

"लाकूड पोटावर वळवत नाहीत. शेपटीवर वळवतात. नाक सरळ पुढे जाऊ द्यायचं, वळण ओलांडून, पंपाच्या खोलीपर्यंत. तिथे मोकळी जागा आहे. शेपूट वळणावर आलं की शेपटीने पाय रोवायचे, आणि नाकाने फिरून पाण्याकडे यायचं. बाकांकडे वीतभरही काही जात नाही. मला आठ दिवस द्या. आठ दिवसांनी रविवारी आठ वाजता, बाग भरलेली असताना, या पोरी होडी नेतील. कशालाही धक्का लागला तर मी स्वतः शेडचे पत्रे उतरवायला येईन."

"आणि मी बाक धरून बघत बसू?" हेडबाई म्हणाल्या. "नाही. मी वळणावर खुर्ची टाकून बसेन. वाटेच्या कडेपासून वीतभर अंतरावर. माझ्या साडीला वारा लागला तरी चालेल, होडी लागता कामा नये. आणि त्या दिवशी तुम्ही तोंड उघडायचं नाही, मुकादम. रोज सकाळी तुम्ही थोडेच तिथे असणार आहात?"

"कबूल."

अधिकाऱ्यांनी घाईघाईने लिहून घेतलं आणि सभा संपली असं जाहीर केलं.

*

दुसऱ्या दिवसापासून उजाडताच मुकादम शेडपाशी हजर. पहिले तीन दिवस त्यांनी होडीला हात लावू दिला नाही. बांबू जोडून साठ फूट केले आणि पोरींच्या खांद्यावर दिले. कोण कुठे उभं राहायचं ते ठरवलं. सारख्या उंचीच्या समोरासमोर, उंच मुली मध्ये. आणि टिटवीला त्यांनी सगळ्यांत शेवटी घातलं.

आजवर ती पुढे असायची. तिचा चेहरा पडला. "मिरे, त्यांना विचार, मला मागे का टाकलं."

मिरीने मान वळवली. "आजोबा, ती विचारतेय..."

"ऐकू आलं. मिरे, तिला सांग, नाकाला दोन डोळे असतात, त्याला वाट दिसते. शेपूट आंधळं असतं. म्हणून ज्याच्यावर भरवसा असतो तो गडी शेवटी लागतो, आणि आवाजही तोच देतो. पहिल्या खांद्याखाली काय होतंय ते पहिल्याला कळतं. शेवटच्या खांद्याला सगळ्यांचं कळतं."

मिरीने सांगायला तोंड उघडलं, तोवर टिटवी शेवटच्या जागेवर जाऊन उभी राहिली होती.

तिचा आवाज लागायला तीन दिवस गेले. आधी ती नुसतीच ओरडायची. मुकादम म्हणायचे, "ओरडू नको. ओरडलं की माणूस दचकतो आणि खांदा उडतो. आधी श्वास, मग शब्द. 'उचल' म्हणताना आवाज वर जाऊ दे, 'थांब' म्हणताना खाली." चौथ्या दिवशी होडी खांद्यावर आली. ती दिसायला हलकी, पण कड धारेची. पोरी खांद्यावर रुमाल ठेवू लागल्या तर मुकादमांनी काढायला लावले. "रुमालावर ओझं सरकतं. सालं निघू देत, चार दिवसांत घट्टे पडतात."

पाचव्या दिवशी होडी वळणावरून धक्का न लागता गेली. सहाव्या दिवशी नऊ वेळा गेली. मुकादम सुरूच्या झाडाला टेकून उभे होते. टिटवी आवाज देत होती, "नाक पुढे... पुढे... शेपूट थांब. नाक फिर." आठ जोड पाय एका माणसाचे असावेत तसे पडत होते. होडी पाण्यात टेकली तेव्हा मुकादमांनी खाकरून घेतलं आणि घरी जाऊन म्हातारीला म्हणाले, "वखार असती तर पोरीला मुकादम केली असती."

"तिला सांगा की."

"बोलत नाही ना ती माझ्याशी."

"तुम्ही तरी कुठे बोलता? मिरी आहे म्हणून बरं. नाहीतर तुम्हा दोघांना तार पाठवावी लागली असती."

*

रविवारी आठ वाजता बाग माणसांनी फुलली होती. रोज फिरणारे होतेच, पण पैजेची बातमी ऐकून कधी न येणारेही आले होते. शिंपी गळ्यातली पट्टी काढून नवा सदरा घालून आला होता. हेडबाईंनी घरून खुर्ची आणवली, वळणाच्या बाहेरच्या अंगाला, वाटेपासून वीत मोजून ठेवली आणि छत्री मांडीवर आडवी धरून बसल्या. उद्यान अधिकारी कागद घेऊन उभे. मुकादम सुरूच्या झाडाशी, तोंड घट्ट मिटून.

शेडमधून आवाज आला, "उचल."

होडी निघाली. पुढे मिरी, "बाजूला व्हा, बाजूला व्हा," म्हणत चालली होती. भिंतीच्या कडेने होडी सरळ आली. लोक कौतुकाने मागोमाग निघाले, वाटेवर आणि वाटेच्या दोन्ही अंगांना दाटी झाली. होडीचं नाक वळण ओलांडून पंपाच्या खोलीकडे निघालं, आणि मिरीने दोन्ही हात वर केले.

पंपाच्या खोलीसमोर, जिथे रोज मोकळी जागा असायची, तिथे एक हातगाडी उभी होती. लोखंडी नळांनी भरलेली, चाकाला साखळी आणि कुलूप. पंप दुरुस्त करणारा माणूस रविवारी गर्दी नसते असं समजून गाडी लावून चहाला गेला होता. होडीचं नाक गाडीपासून हातभरावर थांबलं. शेपूट वळणाच्या तीस फूट अलीकडे राहिलं होतं. मधला भाग बरोबर हेडबाईंच्या खुर्चीसमोर.

"गाडी आहे!" मिरी ओरडली. "पुढे जाता येत नाही!"

 आठ दिवसांत मुकादमांनी वळणाचा दगड न दगड शिकवला होता, पण वळणापलीकडे गाडी असेल हे त्यांच्या मनात आलं नव्हतं. आता काय? इथेच फिरवावं, तर होडी पोटावर फिरणार आणि शेपूट बाकांवरून जाणार. खाली ठेवावी, तर लोखंडी हात हेडबाईंच्या पायांवर टेकणार. त्यांच्या हाती असतं तर त्यांनी मागे घ्यायचा आवाज दिला असता. तो शब्द त्यांच्या ओठांवर आलाही. पण मागे पाहिलं तर वाट माणसांनी भरलेली, पुढच्या रांगेत काठीवर टेकलेले दोन म्हातारे. मागे एक पाऊल टाकलं असतं तरी कुणीतरी पडलं असतं. छत्तीस वर्षांच्या मुकादमाने चुकीचा आवाज दिला असता.

टिटवीने मान वळवून मागची गर्दी पाहिली. मग पुढे पाहिलं. श्वास घेतला.

"थांब," ती म्हणाली. आवाज खाली, शांत. "उभ्या राहा. गाडी हलेपर्यंत उभ्या राहायचं. सम नंबरच्या मुलींनी आता खांदा सैल सोडा, विषम नंबरच्यांनी धरा. तीसवर बदलू. एक... दोन..."

तीस मोजले की ती म्हणायची, "बदल," आणि होडीचं वजन चार खांद्यांवरून दुसऱ्या चार खांद्यांवर जायचं, होडी मात्र बोटभरही हलायची नाही. हे मुकादमांनी शिकवलं नव्हतं. वखारीतही असं कधी कुणी केलं नव्हतं. ते पाण्यावरून आलं होतं. तिथे सरावात आठांतल्या चार जणी वल्हवतात आणि चार जणी होडी तोलून धरतात, ते तिने जमिनीवर आणलं होतं.

कुणी म्हणालं, कुलूप तोडा. कुणी म्हणालं, पंपवाल्याला शोधा. पण जाईना कुणीच, कारण कुणालाही तिथून नजर काढवत नव्हती. पाच मिनिटं झाली. दहा झाली. एका मुलीच्या पोटऱ्या थरथरायला लागल्या. दुसरीच्या नाकाच्या शेंड्यावरून घाम ठिबकत होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता. टिटवीचा आवाज तसाच, "अठ्ठावीस... एकोणतीस... बदल."

हेडबाई समोरच होत्या. वीतभरावर. ज्या मुलीच्या पोटऱ्या थरथरत होत्या तिच्याकडे त्या बघत राहिल्या. मग छत्री टेकून उठल्या.

"बाई, तुम्ही उठलात तर पैज..." अधिकारी म्हणाले.

"खुर्ची तिथेच राहील," हेडबाई म्हणाल्या. "तिला धक्का लागला तर मला लागला असं समजा. ए शिंप्या, चल माझ्याबरोबर. पंपवाला फाटकाबाहेर चहा पीत असेल. माझ्याच हाताखालून गेलेल्या मुलीचा मुलगा आहे. त्याची आईही दप्तर वाटेतच टाकायची."

त्या गर्दीतून गेल्या आणि गर्दी आपोआप दुभंगली. पाच-सहा मिनिटांत त्या परत आल्या. पुढे पंपवाला, हातात किल्ली, मागून छत्रीचं टोक. त्याने कुलूप काढलं, शिंप्याने उजव्या हाताने आणि आणखी चौघांनी रेटून गाडी बाजूला केली. हेडबाई येऊन आपल्या खुर्चीत बसल्या आणि छत्री पुन्हा मांडीवर आडवी ठेवली.

"चालू द्या," त्या म्हणाल्या.

टिटवीने लगेच आवाज दिला नाही. आधी श्वास घेतला, आणि तिच्याबरोबर बाकी सातही जणींनी घेतला. "सगळ्यांनी धरा. नाक पुढे... पुढे... पुढे. शेपूट थांब."

तिने पाय रोवले. तिच्या टाचा मातीत रुतल्या. समोरचं साठ फूट लाकूड तिच्या खांद्याभोवती दारासारखं फिरलं. लोखंडी हात हेडबाईंच्या गुडघ्यांसमोरून गेले आणि छत्रीची झालर तेवढी हलली. होडी पाण्याच्या रोखाने सरळ झाली.

"नाक चल."

 होडी उतारावरून गेली, सुलटी झाली, पाण्यात टेकली, तेव्हा कुठे लोकांनी श्वास सोडला आणि टाळ्या पडल्या. मुकादमांनी टाळी वाजवली नाही. त्यांचा उतरलेला उजवा खांदा त्यांनी वर ओढून धरला होता, जणू शेवटच्या खांद्याशेजारी ते स्वतः उभे होते, आणि तो खाली सोडायचं त्यांना भान राहिलं नव्हतं.

शिंपी जवळ आला. "अरे, खांदा खाली घे. आज पहिल्यांदा तुझा सदरा मापात बसलाय, पण लोक बघतायत."

टिटवी पाण्यातून भिजल्या पायांनी वर आली. सगळ्यांना सोडून सरळ झाडापाशी आली. "आजोबा," ती म्हणाली, मिरीला मध्ये न घालता, "मागे घ्यायला हवी होती का?"

"नाही," मुकादम म्हणाले. "मी मागे घेतली असती. मी चुकलो असतो." छत्तीस वर्षांत त्यांनी हे वाक्य कुणाला म्हटलं नव्हतं. म्हणताना त्यांना जड गेलं नाही, उलट छाती भरून आली. "खांदा दाखव."

तिने दाखवला. कातडी लाल होऊन सोलली होती. मुकादमांनी नुसतं बघितलं आणि मान डोलावली.

हेडबाईंनी दुसरा कागद तिथेच, खुर्चीवर बसून लिहिला. क्लबने होडी सकाळी एका ठरलेल्या वेळी न्यावी, आवाज शेवटच्या मुलीने द्यावा, आणि पंपाच्या खोलीपुढची जागा कायम मोकळी ठेवावी, ती जबाबदारी नगरपालिकेची. मुकादमांनी चष्मा लावून तो पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचला. हेडबाई शांतपणे थांबल्या. मग पहिली सही त्यांचीच झाली, तशीच वाकडी. दुसरी टिटवीची. अधिकाऱ्यांनी महिनाभरात तसा हुकूम काढला.

स्पर्धेत आठ जणींची होडी दुसरी आली, आणि त्याच्या पुढच्या वर्षी पहिली. काचेच्या पेटीतला जीव केव्हाच घरी आला होता आणि आपल्या भावापेक्षा मोठ्याने रडत होता. मुकादम रोज सकाळी वळणापाशी बसत. नव्या मुली आल्या, त्यांना टिटवी शिकवू लागली. मुकादमांना कुणी विचारलं, तुम्ही का नाही शिकवत, तर ते म्हणत, "माझ्यापेक्षा तिला जास्त येतं," आणि ते असं म्हणत जसं दुसरं कुणी घराण्याची जहागीर सांगेल.

हेडबाई त्यानंतर तीन वर्षांनी, जानेवारीच्या सहा तारखेला, सकाळी घरीच वारल्या. शिंपी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गेला. मुकादम पैजेच्या रविवारानंतर सात वर्षांनी, नोव्हेंबरच्या एकवीस तारखेला, मंगळवारी दुपारी दोनच्या सुमारास वारले. तेव्हा त्यांचं वय ब्याऐंशी होतं.